एकक लिहा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘चार शब्द लिहा’ असा फोन आला आणि डोळ्यांसमोर प्रथम आल्या त्या गणिताच्या बाई. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत ‘गणिताच्या बाई’ म्हटले की दुसरे कोणी आठवतच नाही.

गोष्ट नववीतली, १९९८ सालची. स्नेहसंमेलनाच्या तालमी चालल्या होत्या. मला दासीचे काम मिळाले होते. राणी कोण होणार हे दरवर्षी रंगावरूनच ठरायचे, त्याबद्दल कोणाला काही वाटतही नसे. मी आईच्या डब्यातले पैसे उचलून गोरेपणाच्या क्रीमचे पाच रुपयांचे पाऊच आणले आणि कंपासपेटीत लपवले. प्रमेय चालू असताना पेटी खाली पडली.

‘‘हें कितें गो?’’ बाई रागावल्या की कोकणीत बोलत.

आता मार बसणार असे वाटले. बाईंनी पाऊच उचलले, चष्मा वर करून पाठीमागची बारीक अक्षरे वाचली आणि फळ्यावर गणित मांडले. एक पाऊच तीन दिवस, तर वर्षाला किती? सहाशे दहा रुपये. आमच्या घरी तेवढ्यात दोघा भावंडांची पुस्तके येत. मग म्हणाल्या, ‘‘यावर लिहिलेय, सहा आठवड्यांत उजळपणा. किती उजळपणा? एकक लिहा.’’

एकक न लिहिल्यास बाई अर्धा गुण कापत, हे सर्वांना आठवत असेल. त्या दिवशी वर्गात एकालाही एकक सापडले नाही.

सुश्मिता सेन नि ऐश्वर्या राय १९९४ मध्ये जिंकल्यापासून मुलींच्या वह्यांवर त्यांचीच चित्रे असायची. बाईंना त्याचे वावडे नव्हते. फक्त विचारायच्या, ‘‘आपल्या गोंयकार घरातली रीटा फारिया १९६६ साली मिस वर्ल्ड झाली. पुढे काय झाली?’’ डॉक्टर, हे उत्तर पाठ झाले होते. उत्तरपत्रिका मात्र त्या नेहमी पालथ्या घालून देत. कोणाला किती पडले ते शेजारणीलाही कळत नसे.

आज मी वेर्ण्याच्या औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणी पाहते. दिवसभर लेबलेच वाचते, एककासकट! २०२० मध्ये त्या क्रीमने नावातला गोरेपणाचा शब्द गाळला, तेव्हा बाईंना कळवावेसे फार वाटले. त्या आधीच गेल्या होत्या.

गेल्या जूनमध्ये फोंड्याच्या तिस्कावर एका शिकवणीवर्गाचा फ्लेक्स लागला. दहावीच्या मुलींचे फोटो आणि खाली चेहऱ्यापेक्षा मोठे टक्के. त्यात माझी भाची होती, आमच्याच रंगाची, पण फ्लेक्सवर पिठात घोळल्यासारखी पांढरी. ती बराच वेळ बघत राहिली.

‘‘मावशी, टक्के माझेच आहेत,’’ ती म्हणाली, ‘‘आणि नाक.’’