रिपोर्ट ‘नॉन रिअ‍ॅक्टिव्ह’, पण कुठल्या टेस्टचा?

एचआयव्हीची टेस्ट करून घेणं सोपं आहे. रक्त द्या, पैसे भरा, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. त्याचा अर्थ कुणी सांगेल तर शपथ!

धोक्याच्या प्रसंगाला (कोणता ते विचारू नका) दीड महिना उलटल्यावर मी पुण्यातल्या एका खासगी लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्टवर ‘नॉन रिअ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे संसर्गाची खूण सापडली नाही), शेजारी ०.११, खाली ‘१.०० च्या आत’. पद्धतीचा रकाना कोरा. आता सगळी मेख तर तिथेच! नुसत्या अँटिबॉडी (शरीर विषाणूविरुद्ध तयार करतं ती प्रथिनं) शोधणाऱ्या टेस्टला संसर्ग दिसायला २३ ते ९० दिवस लागतात. फोर्थ जनरेशन टेस्ट त्यासोबत विषाणूचं स्वतःचं प्रथिन, पी-२४ अँटिजेनही पकडते. शिरेतलं रक्त लॅबमध्ये तपासलं तर १८ ते ४५ दिवसांत. म्हणजे माझी टेस्ट फोर्थ जनरेशन असेल तर सुटलो, नसेल तर आणखी दीड महिना जीव टांगणीला.

काउंटरवर विचारलं. “सर, निगेटिव्हच आहे ना, मग?” पद्धत कोणती? “ते डॉक्टरांना विचारा.” डॉक्टर म्हणजे रिपोर्टवर सही असलेले, ते फक्त सकाळी येतात. सकाळी गेलो तर दुसऱ्या शाखेत. फोन लावला, बराच वेळ ट्यून ऐकली, मग उत्तर आलं, “एलायझा असेल बहुतेक.” असेल बहुतेक! अहो, एलायझा ही लॅबमधली तपासायची पद्धत; ती थर्ड जनरेशनचीही (नुसत्या अँटिबॉडी शोधणारी) असते आणि फोर्थचीही. ‘आमची सेवा कशी वाटली?’ हा मेसेज मात्र वेळेवर आला.

म्हणून रक्त देण्याआधीच विचारा: फोर्थ जनरेशन आहे का, पी-२४ धरते का? आणि ते रिपोर्टवर छापून मागा.

शेवटी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात गेलो. समुपदेशक मॅडमनी तारीख विचारली, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, “तीन महिने पूर्ण झाले की या. मध्ये नवा धोका घेऊ नका. तेव्हा नॉन रिअ‍ॅक्टिव्ह आली की विषय संपला.” एवढंच तर हवं होतं! टेस्ट मोफत, आधी संमती घेतात, नाव गुप्त ठेवतात; संमती आणि गुप्तता तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं बंधनकारकच आहे. पहिली टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आली तरी लगेच पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, वेगवेगळ्या तीन किटवर पडताळतात. माझी तीन महिन्यांची टेस्ट नॉन रिअ‍ॅक्टिव्ह आली.

आणि हो, प्रसंग नुकताच घडला असेल तर टेस्टच्या तारखा मोजत बसू नका. ७२ तासांच्या आत पेपची (धोक्यानंतर संसर्ग टाळण्यासाठी घ्यायची) औषधं सुरू करता येतात, जितकी लवकर तितकी बरी. ती २८ दिवस घ्यायची. पेप घेतलं असेल तर टेस्टचे दिवस कोर्स संपल्यापासून धरा. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ ही एड्स हेल्पलाइन लावा, फुकट आहे.