टणक जमिनीवरचा आयर्नचा फटका

गोव्यात शिमगा जवळ आला की पावसाळ्यातील ओल पार आटलेली असते, आणि काणकोणच्या राजबाग येथील नऊ होलच्या गोल्फ मैदानावर जिथे गवत विरळ व जमीन टणक लागते, तिथे चेंडू उचलून मारण्याचा मोह आवरावाच लागतो. चेंडूला उंची आयर्नच्या, म्हणजे धातूचे चपटे पाते असलेल्या गोल्फकाठीच्या, पात्याचा कल देतो, मनगट नव्हे. वजन लक्ष्याकडील पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे आणि पात्याचा स्पर्श आधी चेंडूला, मग जमिनीला, एवढा क्रम सांभाळला तर अशी जमीन मला मऊ हिरवळीपेक्षा अधिक आवडते. वेजच्या, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांसाठीच्या जास्त कललेल्या आयर्नच्या, बाबतीत मात्र १२ अंश बाउन्सचे (पात्याच्या तळाचा जमिनीशी होणारा कोन) पाते टणक जमिनीवरून उसळून चेंडूच्या मध्यावर आदळू शकते. तिथे ६ अंशांच्या आसपासचे पाते घ्यावे.