तुम्ही विचारलंत म्हणून : चित्र पोहोचते, मग स्पर्श का नाही?

दूरनियंत्रित यंत्रहातांवर मी काम करते हे कळले की बहुतेक जण विचारतात, की दुसऱ्या खंडातल्या माणसाचा चेहरा आणि आवाज फोनवर सहज पोहोचतो, मग स्पर्श का पोहोचत नाही. आणि नेटचा वेग वाढला की तेही होईल, असे उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. वेग म्हणजे दर सेकंदाला जाणारी माहिती असे धरले, तर ती अडचण नाहीच, कारण व्हिडिओपुढे बलाचे मोजके आकडे अगदीच किरकोळ आहेत. अडचण विलंबाची आहे.

व्हिडिओ कॉलमध्ये उशीर झाला तर संभाषण अडखळते, एवढेच. स्पर्शात मात्र मी वस्तूला ढकलते त्याच क्षणी वस्तूही मला ढकलत असते. दूरचा यंत्रहात भिंतीला टेकला आणि भिंतीचा प्रतिकार माझ्या हातातल्या उपकरणापर्यंत उशिरा आला, तर तोवर माझा हात पुढे गेलेला असतो. मग जोर एकदम परत येऊन हात मागे फेकला जातो, पण भिंत सुटल्याची बातमीही उशिराच येत असल्याने तो जोर चालूच राहतो. झोक्याला प्रत्येक फेरीत धक्का मिळावा तशी ऊर्जा वाढत जाते आणि दोन्ही टोकांची यंत्रे थरथरू लागतात. कठीण पृष्ठभाग कठीणच जाणवावा म्हणून बलाचे गणित सेकंदाला साधारण 1000 वेळा करतात, तेही याच कारणाने.

जर्मनीतील दूरसंचार संशोधक गेरहार्ड फेटवाइस यांनी 2014 मध्ये ‘टॅक्टाइल इंटरनेट’विषयी, म्हणजे स्पर्शही पोहोचवणाऱ्या इंटरनेटविषयी, मांडणी केली, तेव्हा संदेश जाऊन-येऊन 1 मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग) हे उद्दिष्ट ठेवले. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाणे-येणे धरून या वेळेत जेमतेम 100 किलोमीटरचा पल्ला गाठता येतो, तोही वाटेतल्या यंत्रांनी जराही वेळ घेतला नाही तर. फाइव्ह-जीच्या प्रचारातला 1 मिलिसेकंद तर केवळ रेडिओच्या, म्हणजे फोन ते टॉवर एवढ्याच टप्प्याचा असतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

सप्टेंबर 2001 मध्ये सर्जन झाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमधील रुग्णाचे पित्ताशय यंत्रहातांनी काढले, हे उदाहरण मला हमखास ऐकवले जाते. तेथे विलंब सुमारे 155 मिलिसेकंद होता, पण बल सर्जनच्या हाताकडे परत येतच नव्हते.

विलंब असूनही यंत्रणा स्थिर ठेवता येते. गुंटर निमायर आणि जाँ-जाक स्लोटिन या संशोधकांनी 1991 मध्ये बल आणि हालचालीचा वेग वेगवेगळे न पाठवता त्यांचे असे मिश्रण पाठवण्याची रीत मांडली, की वाटेत ऊर्जा निर्माणच होऊ नये. मात्र विलंब वाढला की कठीण भिंतही मऊ लागते. मला अधिक पटणारा मार्ग वेगळा आहे : बल न पाठवता पृष्ठभाग कुठे आहे आणि किती कठीण आहे एवढेच कळवायचे, आणि बलाचे गणित माझ्याच टेबलावरच्या संगणकाने करायचे. न हलणाऱ्या वस्तूंसाठी हे उत्तम चालते. दुसऱ्या माणसाचा हात मात्र स्वतःच्या इच्छेने हलतो आणि त्याचे असे प्रारूप तयार होईपर्यंत ते जुने झालेले असते, म्हणून दूरच्या हस्तांदोलनापेक्षा दूरवरून बसवलेल्या स्क्रूवर माझा अधिक भरवसा आहे.