अण्णांच्या जागेवर

आमच्या घरी वारी एक वर्षाआड असे. एका वर्षी अण्णा जात, दुसऱ्या वर्षी शेजारच्या बांधावरचे तात्या. जो मागे राहील त्याने दोन्ही घरांची पेरणी करायची, असा त्या दोघांचा तरुणपणापासूनचा शब्द होता आणि तो कधी कागदावर आला नाही. माण तालुक्यातल्या कोरडवाहू रानात बाजरी, मटकी आणि हुलगा हीच काय ती खरिपाची पिके. त्यांच्या पेरणीचे दिवस आणि पालखीच्या वाटचालीचे दिवस नेमके एकाच वेळी येतात, म्हणून आमच्याकडचा शेतकरी वारीला निघतो तो कोणाच्या तरी भरवशावर.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्यातल्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, तात्या करोनाने गेले. त्यांचा मुलगा अजून शाळेत आहे. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघणार असे कळले, तेव्हा पाळी अण्णांची होती, पण ते म्हणाले, “तात्या असता तर निर्धास्त गेलो असतो. आता त्याच्या तीन एकरांवर कोण उभं राहणार? माझ्या जागेवर तू चल.” मी तालुक्याच्या गावी शिक्षक आहे. अडतिसाव्या वर्षापर्यंत मी वारी रस्त्याच्या कडेला उभा राहूनच पाहिली होती. निघताना काकूंनी तात्यांचे टाळ फडक्यातून काढून माझ्या हातात दिले.

२१ जूनला आळंदीहून प्रस्थान झाले. दिंडीत अण्णांना सगळेच ओळखत होते. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाचे, पैसे भरायला गेलो तर विणेकऱ्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, “अण्णा बरे आहेत ना?” आणि लगेच, “तात्यांचं समजलं, माउली.” पुढे काही न बोलता त्यांनी मला टाळकऱ्यांच्या ओळीत तिसऱ्या जागी उभे केले. ती जागा आलटूनपालटून त्या दोघांची असे, हे मला तेव्हाच कळले.

पुण्याचे दोन मुक्काम झाल्यावर दिवे घाट आला. चढाला रथाच्या बैलजोडीपुढे आणखी जोड्या जुंपतात. सारे लोक माउलींचा रथ पाहत होते आणि माझ्या शेजारचा बार्शीकडचा एक म्हातारा शेतकरी बैलांचे खांदे पाहत होता, जू कुठे घासते आहे का ते न्याहाळत होता. मला अण्णांची आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळात ते पंधरा वर्षांचे होते, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून आणि सुकडी खाऊन त्यांनी दिवस काढले. त्या वर्षी दावणीची जोडी विकावी लागली होती, त्याबद्दल ते आजही बोलत नाहीत. पुढे धाकटा भाऊ गेल्यावर त्याची दोन मुले त्यांनी आमच्याबरोबर वाढवली आणि आमच्या ताटात व त्यांच्या ताटात कधी फरक पडू दिला नाही. घरची विहीर उन्हाळ्यात तळाला गेली की आधी आळीला पिण्यापुरते पाणी ठेवायचे आणि मग उरले तर रानाला, हा त्यांचा नियम. लहानपणी मला तो अन्याय वाटे, कारण आमची वांगी डोळ्यांदेखत वाळत.

या वाटेवर मला सर्वांत अधिक शिकवले ते समाजआरतीने. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो आणि चोपदाराने दंड उंचावताच एका क्षणात सारे शांत होते. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवणे थांबवत नाही. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकतात, निवाडा होतो, हरवल्या-सापडल्याची माहिती सांगितली जाते आणि मगच आरती होते. एवढ्या मोठ्या समुदायात गाऱ्हाणे ऐकल्याशिवाय आरती होत नाही, ही गोष्ट मी वाल्ह्याच्या तळावर प्रथम नीट समजून घेतली, आणि मला गावातल्या बांधाच्या भांडणांत बसलेले अण्णा दिसू लागले. समोरचा कितीही आरडाओरडा करत असला तरी ते त्याला थांबवत नसत. “ज्याचं वाजतंय त्याचं आधी ऐका,” असे ते म्हणत. हे वाक्य त्यांनी कोठून आणले, हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हते.

नीरास्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, फलटण हे सारे मागे पडले. त्या वर्षी जूनचा पाऊस ओढ देत होता. दिंडीत रात्री पालात बोलणे निघे ते पावसाचेच. कोणाकडे पेरणीजोगा वाफसा आला, कोणाची पावसाआधीच केलेली धूळपेरणी फुकट गेली, कोणाच्या रानात गावाने इर्जिक घालून, म्हणजे सगळ्यांनी मिळून, एका दिवसात पेरणी उरकली, याच्या बातम्या मोबाइलवर येत आणि ज्याचे रान पेरून झाले तो सकाळी हलक्या पायांनी चाले. मी रोज घरी फोन करत असे. अण्णा फक्त “तू चाल” एवढेच म्हणत.

नातेपुत्याच्या मुक्कामी आमच्या गावचा टेम्पो आला. आळीतल्या बायकांनी पहाटे उठून थापलेल्या भाकरी, ठेचा आणि पिठले घेऊन आठ-दहा माणसे आली होती, त्यांत अण्णाही होते. त्यांनी आधी पालखीचे दर्शन घेतले, मग दिंडीतल्या प्रत्येकाला आपल्या हाताने वाढले, आणि सर्वांत शेवटी माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या तळपायांच्या फोडांकडे पाहून म्हणाले, “दोरा ओवून पाणी काढ, कातडी सोलू नको.” पेरणीचे विचारल्यावर ते म्हणाले, “झाली. आधी तात्याच्या रानात पेरणीला चाड्यावर मूठ धरली. आपलं दोन दिवसांनी उरकलं.” तेवढ्या दोन दिवसांत ओल उडाली असती तर आमचे रान तसेच राहिले असते, हे ते जाणून होते आणि मीही.

१० जुलैला आषाढी झाली. दर्शनाची रांग फार लांब होती. अण्णा नेहमी नामदेव पायरीशी डोके टेकवून आणि कळसाचे दर्शन घेऊन परतत, मीही तेच केले. द्वादशीला एकादशीचा उपवास सोडून एसटी धरली आणि अंधार पडायच्या आत गावात पोहोचलो.

टाळ परत द्यायला काकूंकडे गेलो. त्यांनी ते कपाळाला लावले, पुन्हा त्याच फडक्यात बांधले आणि विचारले, “कोणत्या जागेवर उभं केलं होतं तुला?” मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पावसाची झड होती. तात्यांच्या रानात बाजरी काही ठिकाणी दाट आली होती, काही ठिकाणी तासच्या तास मोकळे राहिले होते. अण्णा, तात्यांचा मुलगा आणि मी, असे तिघे दाट जागेतली रोपे उपटून मोकळ्या जागी लावत, दुपारपर्यंत नांग्या भरत होतो.