चांदणीचा डावा डोळा

सेलूच्या आमच्या जुन्या घराला अजून माळवद आहे आणि त्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात वडिलांनी उभारलेली ढाबळ आहे. सध्या तिच्यात अकरा कबुतरे आहेत. त्यांतली चांदणी नावाची पांढरी मादी गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी दाण्यावर उतरली नाही. जवळ जाऊन पाहिले, तेव्हा तिचा डावा डोळा अर्धा मिटलेला होता, डोळ्याभोवतीची पिसे ओली होऊन चिकटली होती आणि ती वारंवार तो डोळा खांद्यावर घासत होती.

त्या दिवशी मी जे केले, ते इतर कोणी करू नये म्हणून ते आधी सांगतो. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबांची बाटली फडताळात होती. माणसाच्या नाजूक डोळ्याला चालते ते पाखराला का चालणार नाही, असा विचार करून मी ते थेंब तिच्या डोळ्यात टाकले. दोन दिवस डोळा निवळल्यासारखा दिसला, लाली उतरली आणि मला हायसे वाटले. तिसऱ्या दिवशी मात्र बुबुळावर दुधाळ झाक आली. गल्लीतले जुने कबुतरबाज चाचा माळवदावर आले, त्यांनी तिला उजेडाकडे धरून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "मास्तर, थेंब कोणते टाकलेत?" मी बाटली दाखवली. ते म्हणाले, "आता एक थेंबही टाकू नका. उद्या सकाळीच परभणीला घेऊन जा."

परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात मी तिला झाकलेल्या टोपलीत घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी बाटलीवरची बारीक अक्षरे वाचली. त्या थेंबांत स्टेरॉईड होते. स्टेरॉईडने सूज आणि लाली उतरते, म्हणून डोळा बरा झाल्याचा भास होतो. पण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम असेल, तर ती भरून येत नाही आणि जंतूंना रान मोकळे मिळते. मग त्यांनी नारिंगी रंगाची एक कागदी पट्टी ओली करून तिच्या डोळ्याला टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि निळा उजेड टाकला. चांदणीच्या बुबुळावर मोहरीएवढा एक ठिपका हिरवागार चमकू लागला. जिथे वरचा थर सोलला गेला आहे, तिथेच तो रंग धरतो. त्या ठिपक्याकडे बघताना माझ्या पोटात कालवले.

पक्ष्याला वरखालच्या पापण्यांखेरीज तिसरी, जवळजवळ पारदर्शक पापणी असते. ती चोचीकडच्या कोपऱ्यातून डोळ्यावर आडवी सरकते आणि डोळा पुसून घेते. मॅडमनी बधिर करणारा थेंब टाकला, काही वेळ थांबून बारीक चिमट्याने ती पापणी उचलली आणि तिच्याखालून एक कुसळ बाहेर काढले. ते ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्या लांबीचे असेल. चांदणी डोळा जितक्या वेळा मिचकावत होती, तितक्या वेळा ते बुबुळावर घासले जात होते. कुसळ आले कुठून, हे मला सांगावे लागले नाही. घरट्यासाठी माळावरून आणलेले कुसळी गवत मीच त्या आठवड्यात ढाबळीत टाकले होते. आता मी कडुलिंबाच्या वाळलेल्या बारीक काड्या आणि चाळलेले भुसकटच ठेवतो.

एक डोळा पाणावला की त्याचे कारण प्रत्येक वेळी कुसळच असते असे नाही, हेही मॅडमनी समजावून सांगितले. डोळ्यातून पाणी येण्याबरोबर शिंका येत असतील, नाकपुड्यांवरचा पांढरा फुगवटा मळकट दिसत असेल, तर क्लॅमिडिया किंवा मायकोप्लाझ्मा या जंतूंचा संसर्ग असू शकतो. त्यातला क्लॅमिडिया माणसालाही बाधतो, म्हणून ढाबळ झाडण्यापूर्वी विष्ठा ओली करावी, तोंडाला फडके बांधावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. त्यावर डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिले, तर तेवढे दिवस शिंपल्यांचा चुरा आणि चुन्याची खडी काढून ठेवावी लागते, कारण कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवते आणि ते अंगी लागत नाही. पापणीच्या कडेला खपल्या दिसल्या, तर डासांमुळे पसरणारी देवी असण्याचा संभव असतो. तोंडात पिवळसर, पनीरासारखा थर दिसला, तर तो वेगळाच आजार आहे आणि त्याची सूज डोळ्यापर्यंत चढू शकते. म्हणून डोळा दुखला, तरी चोच उघडून आत पाहिलेच पाहिजे.

खरी कसोटी घरी आल्यावर होती. कबुतर दाणा नजरेने टिपते. डोळा मिटला की त्याचा नेम चुकतो आणि ते भरल्या वाटीशेजारी उपाशी राहू शकते. चांदणीचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर 298 ग्रॅम भरले. आजारापूर्वी ते 340 होते. मी तिला निराळ्या खुराड्यात, पण तिच्या नराला दिसेल असे ठेवले. तिची दोन्ही अंडी नुकत्याच अंड्यावर बसलेल्या दुसऱ्या जोडीखाली सरकवली, कारण नर दिवसा काही तास बसतो, रात्र मात्र मादीच काढते. त्यांतले एक पिल्लू जगले.

दाणे आणि पाणी मी तिच्या उजव्या बाजूला ठेवत असे. कबुतर चोच बुडवून पाणी ओढून पिते, त्यामुळे भांडे उथळ चालत नाही. सुरुवातीचे पाच दिवस भिजवलेले वाटाणे एकेक करून जिभेच्या मागे ठेवून भरवले, एका वेळी पंचवीस-तीस. वडिलांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात तिला सैल गुंडाळत असे. सैल अशासाठी, की पक्ष्याला श्वास घेताना छातीचे हाड हलवावे लागते आणि छाती आवळली तर तो गुदमरतो. दिवसातून चार वेळा, थेंबांच्या आधी, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने डोळा पुसायचा; एका लिटरला नऊ ग्रॅम मीठ, आणि रोज ताजे पाणी. कापूस वापरायचा नाही, त्याचे तंतू डोळ्यात राहतात. वाळलेली चिकट पिसे ओढायची नाहीत, भिजू द्यायची. मॅडमनी मलम न देता थेंब दिले होते, कारण मलमाने पिसे माखतात आणि पाखरू पुन्हा डोळा घासू लागते.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा परभणीला गेलो, तेव्हा निळ्या उजेडात हिरवे काही दिसले नाही. जखम भरली होती, पण डोळ्यात फूल पडले. पहिल्या दोन दिवसांतले ते थेंब नसते, तर कदाचित ते इतके मोठे पडले नसते, आणि ही बोच माझ्या मनातून जात नाही.

चांदणीला आता मी थव्याबरोबर सोडत नाही. आमच्याकडे शिक्रा फिरतो आणि डावीकडून आलेला शिक्रा तिला दिसणार नाही. ती माळवदावर जाळीखाली ऊन खाते, दाणे टिपताना मान थोडी डावीकडे वळवते, आणि नर नेहमी तिच्या डाव्या अंगालाच बसतो. मी त्या बाजूने जायचे झाले, तर चार पावले आधीच "ये, ये" म्हणतो. माझा आवाज ऐकून ती मान फिरवते आणि मगच मी वाटी पुढे करतो.