त्याच थीम पार्कात पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांना काय मिळते?

थीम पार्कात वारंवार जाणाऱ्या माणसाला तिथे पुरेसे नवे काही अनुभवायला मिळते का? माझे मत असे आहे की लोखंडी रुळांवरच्या राइड वर्षानुवर्षे पुरतात, पडद्यावरच्या गोष्टी मात्र फार लवकर संपतात. खोपोलीजवळच्या इमॅजिकात माझे बऱ्यापैकी जाणे-येणे असते. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कात दोन्ही प्रकारच्या राइड असल्यामुळे हा फरक तिथे नीट लक्षात येतो.

आधी निट्रोविषयी सांगतो. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार या कंपनीने बनवलेले हे रोलर कोस्टर आपल्याला पाय अधांतरी सोडलेल्या आसनांत बसवून पाच वेळा उलटे करते. त्याचे प्रत्येक वळण मला पाठ आहे, तरीही आपण कोणत्या रांगेत बसतो यावर फेरीचा सगळा रंग बदलतो. पहिल्या रांगेत समोर फक्त रूळ आणि आकाश असते आणि चढ संपल्यावर गाडी क्षणभर रेंगाळल्यासारखी वाटते, कारण मागच्या रांगा अजून चढावरच असतात. शेवटच्या रांगेत याच्या नेमके उलटे घडते. पुढचा भाग उतरणीला लागलेला असल्यामुळे त्याच्या वजनाने आपण माथ्यावरून खेचले जातो आणि खांद्यावरची पकड नसती तर आसन सुटलेच असते असे वाटते. शिवाय दिवस चढत जातो तसे चाकांमधले वंगण तापून पातळ होते, त्यामुळे सकाळच्या पहिल्या फेरीपेक्षा दुपारनंतरची फेरी किंचित वेगवान असते. या गोष्टी पहिल्यांदा येणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत. त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्यालाच कळतात, आणि माझ्या दृष्टीने खरे नावीन्य हेच आहे.

सिम्युलेटर राइडचे, म्हणजे पडद्यावरच्या दृश्यांबरोबर आसने हलवणाऱ्या राइडचे, तसे नसते. मिस्टर इंडियावर आधारलेली राइड असो किंवा जगातल्या कुठल्याही पार्कातली तशी राइड असो, तिचा सारा आनंद पुढे काय होणार हे माहीत नसण्यावर उभा असतो. कोणता धक्का कधी बसणार हे एकदा समजले की शरीर आधीच तयारीत बसते आणि हसू येते ते शेजारच्या लहान मुलाचा चेहरा पाहून. अलीबाबाच्या राइडमध्ये नेम धरून गुण मिळवायचे असल्यामुळे ती यातून बरीचशी सुटते, कारण भावंडांमध्ये चुरस असेल तर कोणतीच फेरी आधीसारखी होत नाही.

ही अडचण इतरांनाही आलेली आहे आणि तिच्यावरचा उपायही सापडलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या स्टार टूर्स या राइडमध्ये २०१० पर्यंत एकच चित्रफीत दाखवली जात होती. २०११ साली ती राइड नव्याने सुरू झाली तेव्हा प्रवासाचे तुकडे पाडून ते दर फेरीला वेगवेगळ्या क्रमाने जोडण्याची सोय केली गेली आणि त्यातून पन्नासहून अधिक वेगवेगळे प्रवास शक्य झाले. हलणारी आसने आणि पडदा या कल्पनेला धक्काही न लावता जुन्या राइडला नवे आयुष्य मिळाले. तिथे हे घडण्याचे एक कारण मला असे दिसते की आसपासचे असंख्य लोक वार्षिक पास घेऊन वर्षभर येत राहतात आणि त्यांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवून चालत नाही. आपल्याकडे शाळांच्या सहली आणि सुट्टीत बाहेरगावाहून येणारी कुटुंबे यांचा ओघ मोठा असतो, म्हणून पहिल्यांदाच येणारा प्रेक्षक कायम मिळत राहतो.

मला मनापासून वाटते की आपल्या पार्कांनी दर काही वर्षांनी कोट्यवधींची नवी राइड उभारण्यापेक्षा असलेल्या राइडमधली गोष्ट बदलण्यावर अधिक विचार करावा. इमॅजिकातल्या आय फॉर इंडियामध्ये आसने वर उचलली जातात आणि भल्यामोठ्या पडद्यासमोर पाय सोडून आपण देशावरून उडत जातो. याच तंत्राने एखाद्या पावसाळ्यात फक्त सह्याद्री आणि कोकणचा किनारा दाखवता येईल. ढगांतून वर आलेला राजगडाचा बालेकिल्ला, कोकणकड्यावरून थेट खाली झेपावणे, लाटांच्या मधोमध उभा असलेला जंजिरा हे सारे त्या उंचीवरून पाहण्यासाठी मी तिकीट काढून खास खोपोलीला जाईन, आणि मुंबई-पुण्यातले माझ्यासारखे अनेकजण येतील याची मला खात्री वाटते.

मात्र जुनी चित्रफीत कायमची कपाटात जाऊ नये. डिस्नेनेही याच तऱ्हेच्या सोरिन या राइडमध्ये २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या जागी जगाची सफर आणली आणि त्यानंतरही कॅलिफोर्नियावरचे जुने उड्डाण तिथे मर्यादित काळासाठी परत दाखवले गेले. नेहमी येणाऱ्यांना नव्याइतकेच जुनेही हवे असते, म्हणून वर्षातले काही आठवडे जुन्या चित्रफितीसाठी राखून ठेवावेत आणि त्यांच्या तारखा आधीच जाहीर कराव्यात.