तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा तापाला

मावशीच्या पंच्याहत्तरीला मी भरल्या पानावरून उठलो, रिक्षा केली आणि थेट इमर्जन्सीत जाऊन बसलो. ताप होता 100.6. रात्री घरी आलो तोवर फॅमिली ग्रुपवर माझा निकाल लागला होता: "एवढ्याशा तापाला इतकं काय घाबरायचं?" हाच प्रश्न ऑफिसात येतो, सोसायटीत येतो, जिन्यात येतो. आता एकदाच सगळं लिहितो. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

पुण्यातल्या नवले पुलाजवळच्या माझ्या अपघाताची कथा तुम्हाला पाठ आहे. पाणथरी, म्हणजे प्लीहा (स्प्लीन), फुटली, काढून टाकली, हेही. "पाणथरीवाचून काही अडत नाही, माणूस छान जगतो," असं तुम्ही म्हणता. जगतो. मी जगतोच आहे. डॉक्टर मंडळींचाही बराच काळ असाच समज होता. 1952 साली किंग आणि शूमॅकर या अमेरिकी डॉक्टरांनी पाणथरी काढलेल्या पाच तान्ह्या मुलांना नंतर गंभीर जंतुसंसर्ग झाल्याचं लिहिलं, तेव्हा हा अवयव नक्की काय करतो याकडे लक्ष गेलं.

तो काय करतो ते आखाड्याच्या भाषेत सांगतो. पैलवान तेल चोपडून उतरला तर पकड बसत नाही, म्हणून कुस्तीआधी अंगाला माती लावतात. न्यूमोकोकस नावाचा जिवाणू असाच तेल लावून फिरतो. त्याच्याभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं बुळबुळीत कवच असतं, त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना तो धरताच येत नाही. त्याची सगळी मस्ती या कवचात. ग्रिफिथनं 1928 मध्ये उंदरांवर दाखवलं होतं की कवचवाला प्रकार टोचला की उंदीर मरतो आणि बिनकवचाचा टोचला तर काही होत नाही. आपलं शरीर यावर माती फासतं, म्हणजे कवचावर प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) चिकटवतं. मग पकड बसते. ही प्रतिपिंडं झटपट बनवणाऱ्या पेशींचा मोठा अड्डा पाणथरीत. शिवाय तिथं रक्त अरुंद फटींतून सावकाश झिरपतं आणि वाटेवर दबा धरून बसलेल्या भक्षक पेशी नीट माती न लागलेला जिवाणूही टिपतात. यकृत थोडंफार सांभाळून घेतं, पण त्याला माती जास्त लागते. दीडशे ग्रॅमचा अवयव, डाव्या बरगड्यांखाली. माझ्याकडे तिथं टाके आहेत.

आणि हा न्यूमोकोकस कुठून परदेशातून येत नाही. कितीतरी धडधाकट माणसांच्या, त्यातही लहान मुलांच्या, नाकाघशात तो गुपचूप राहतो. बहुतेकांना त्याचं काही होतही नाही. रक्तात उतरला की मात्र खेळ वेगळा.

आता 2018 ची अनंत चतुर्दशी. अपघाताला चौदा महिने झाले होते. डिस्चार्जच्या वेळी मला एक कार्ड दिलं होतं: तीन लशी घ्या, ताप आला तर थांबू नका, लगेच या. कार्ड मी फाइलमध्ये जपून ठेवलं. इतकं जपून की पुन्हा उघडलंच नाही. लशी दिवाळीनंतर घेऊ म्हटलं, मग मुलीच्या परीक्षेनंतर. दुपारी साडेबाराला हुडहुडी भरली. सदाशिव पेठेतल्या त्या कोंदट खोलीत दोन रजया घेऊन दात वाजत होते. पॅरासिटामॉल घेतली, तासाभरात घाम फुटून ताप उतरला आणि मी जिंकलो. गॅलरीत बसून वाटली डाळ खाल्ली. गोळीनं फक्त मेंदूनं वर सरकवलेला तापाचा काटा खाली आणला होता. जिवाणूंना तिनं हातही लावला नव्हता. बायकोनं दोनदा विचारलं, "जायचं का डॉक्टरांकडे?" मी म्हणालो, "विसर्जनाच्या दिवशी? वेडी आहेस का?"

अर्ध्या तासाला दुप्पट धरलं तर एका जिवाणूचे दहा तासांत दहा लाख होतात. हा कागदावरचा हिशोब आहे, शरीरात इतका सरळ चालत नाही. तरी मी तो नंतर शंभर वेळा मांडला आहे.

रात्री साडेदहाला मला उलट्या होत होत्या आणि बायकोनं माझ्या पायांवर टॉर्च मारला. बोटं जांभळी पडली होती. गाडी येणं शक्यच नव्हतं. टिळक रस्ता मिरवणुकीनं भरला होता. शेजारच्या मुलानं मला अ‍ॅक्टिव्हावर मधे बसवलं, बायको मागून धरून. टिळक रस्त्याच्या तोंडाशी एका पथकाचा दोर आडवा. ती ओरडत होती आणि ढोलांत कोणालाच ऐकू जात नव्हतं. शेवटी ती उतरली आणि दोर धरलेल्या एका मुलीच्या तोंडासमोर माझा पाय उचलून धरला. त्या मुलीनं दोर खाली टाकला, हात वर केले, समोरची रांग थांबली. आम्ही पलीकडे गेलो. मागे ढोल पुन्हा सुरू झाले ते मला आठवतं. त्यानंतरचे चार दिवस मला आठवत नाहीत.

रक्तदाब 70/40 होता. रक्ताच्या कल्चरमध्ये न्यूमोकोकसच वाढला. मला सगळ्यात लागलं ते हे, की एवढी नासधूस एकट्या जिवाणूनं केलेली नव्हती. रक्तभर पसरलेल्या शत्रूला पाहून माझ्याच पेशींनी इतक्या जोरात आरोळी ठोकली की सगळीकडच्या रक्तवाहिन्या सैल पडून झिरपू लागल्या आणि बारीक वाहिन्यांत गुठळ्या झाल्या. डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं त्यात गेली. देवळातही मी मोजे का काढत नाही, हेही तुम्ही विचारलं होतंत.

म्हणून "इम्युनिटी वाढव" म्हणत गुळवेलीचा काढा आणून देता तेव्हा मी गप्प बसतो. प्रतिकारशक्ती म्हणजे काही दुधाचं पातेलं नाही, की जितकं भरेल तितकं बरं. आणि हो, खालच्या मजल्यावरच्या ब्रूनोला मी हात चाटू देत नाही, तो माज नाही. कुत्र्यांच्या तोंडातला एक जिवाणू आमच्यासारख्यांना फार महाग पडतो.

आता खरं सांगतो. या सात वर्षांत मी अकरा वेळा इमर्जन्सीत धावलो. एकदा डेंगी निघाला, बाकी दहा वेळा काहीच नाही. लशी आता सगळ्या झाल्यात, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या पाकिटात असतात, ताप दिसला की पहिला डोस घेऊन निघायचं असं ठरलेलं आहे. एवढं असूनही मुलीबरोबर हरिश्चंद्रगडावर मी गेलो नाही, तिला मित्रमैत्रिणींबरोबर पाठवलं, कारण तिथून हॉस्पिटल किती लांब हे मी मोजलं. ती त्यावर अजून नीट बोलत नाही. ही सावधगिरी की भीती, मला विचारू नका.

गॅलरीत डाळ खाणाऱ्या त्या माणसाशी मी अजून भांडतो. तो म्हणतो, चौदा महिने काही झालं नव्हतं, मी कशावरून घाबरायचं? मी म्हणतो, कार्डावर लिहिलं होतं. तो म्हणतो, न्यूमोकोकसच्या कवचांचे शंभराहून जास्त प्रकार, मोठ्यांच्या त्या लशीत तेवीस. तुला भोवलेला त्यातलाच होता कशावरून? यावर माझ्याकडे उत्तर नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "शक्यता कमी झाली असती."

मावशी, परवाचा ताप व्हायरल निघाला. तुझी बासुंदी राहिली, तेवढी फ्रीजमध्ये असेल तर ठेव.